पाच, सहा, पाच

बेसिनमध्ये पहिल्यांदा गुलाबी फेस दिसला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्यावर माझा उपाय होता, खाली न बघता नळ सोडणं. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट, तीन मुली, एक बाथरूम, सकाळी प्रत्येकीला मोजून बारा मिनिटं. त्यात हिरड्यांचा विचार कोण करणार? रक्त यायचं ते खालच्या उजव्या दाढांपाशी, आतल्या बाजूने. मी माझ्या मते शहाणा निष्कर्ष काढला, की तिथे ब्रश लागतोय म्हणून रक्त येतंय. म्हणजे तिथे ब्रश लावायचा नाही. आठवड्याभरात फेस पुन्हा पांढरा झाला. मला वाटलं, बरं झालं.

बोट कापलं की आपण त्याला पाणी लागू देत नाही. गुडघा खरचटला तर खपली काढत नाही. रक्त येतंय तिथे हात लावू नये, हे लहानपणीच अंगात मुरलेलं असतं. हिरड्यांच्या बाबतीत हे बरोब्बर उलटं आहे, आणि ते मला कळायला दोन वर्षं लागली. तेसुद्धा मी आपणहून दवाखान्यात गेले नाही. माझ्या रूममेटने एका रात्री खूप वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सांगितलं, "राग नको मानू, पण तुझ्या तोंडाला वास येतो. ब्रश केल्यावर पण येतो." मी राग मानला नाही. फक्त पुढचे चार दिवस तोंडावर हात धरून बोलले. हा हात लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

डेंटिस्टने विचारलं, "दुखतं का?"

"अजिबात नाही."

"तीच अडचण आहे," ती म्हणाली.

दात किडला तर ठणकतो, रात्री झोपू देत नाही, माणसाला उचलून दवाखान्यात नेतो. हिरड्यांचा आजार असं काही करत नाही. दातांवर जो चिकट थर बसतो तो खरकट्याचा नसतो, जिवंत जंतूंची वस्ती असते ती. आंतोनी व्हॅन लेव्हनहूक या डच कापडव्यापाऱ्याने १६८३ साली स्वतःच्याच दातांतला पांढरा मळ काढून भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. हा थर रोज निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच कडक होऊ लागतो. त्याला आपल्याकडे किटण म्हणतात. किटण ब्रशने निघत नाही. त्याच्या खरखरीत अंगावर नवा थर आणखी सहज बसतो आणि हिरडी सुजते, लाल होते, जरा धक्का लागला की रक्त येतं.

इथपर्यंत गोष्ट परत फिरू शकते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासायला लागल्यावर त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे मी उजव्या दाढा सोडून दिल्या त्यानंतर तीन आठवड्यांतसुद्धा शुद्धीवर आले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. मी दोन वर्षं घेतली.

पुढचा टप्पा हाडाचा. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खोबण असते, दाताभोवती कॉलरसारखी. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर खोल. सूज आत उतरली की दाताला धरून ठेवणारे तंतू सुटत जातात, जबड्याचं हाड झिजायला लागतं आणि खोबण खोल होत जाते. डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात. चार-पाच मिलिमीटरच्या खाली घरचा ब्रश पोचतच नाही. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. काही ठिकाणी शस्त्रक्रियेने थोडं भरून काढता येतं, बाकी जेवढं उरलंय तेवढं राखायचं. माझ्या तीन दाढांपाशी पाच मिलिमीटर निघालं. गावाकडे भिंतींवर 'पायोरिया' अशी जाहिरात रंगवलेली असायची, ती वाचत मी शाळेत गेले होते. तो शब्द म्हाताऱ्या माणसांचा आहे असं मी धरून चालले होते.

माझी साफसफाई झाली, खर्च झाला, मी सुधारले. खरं सांगायचं तर माझी गोष्ट एवढीच आहे आणि ती फारशी सांगण्यासारखीही नाही. पण एकदा तोंडाकडे बघायची नजर आली की ती आपल्याच तोंडापाशी थांबत नाही.

दिवाळीला घरी गेले. आमचं गाव कराडपासून तासाभरावर, उसाच्या पट्ट्यात. माझ्या आठवणीतली आई म्हणजे बांधावर उभी राहून कांडं दाताने सोलणारी बाई. टिपरी तोंडात आडवी धरायची आणि एका हिसक्यात साल खाली. आम्ही भावंडं तिच्यापुढे हात पसरून उभी. या दिवाळीत ती चकली चहात बुडवून खात होती. मी म्हटलं, "आई, मऊ कशाला करतेस?" ती म्हणाली, "अशीच आवडते आता." भाकरीही ती आमटीत कुस्करून खात होती. कडेचा कडक भाग काढून कुत्र्यासाठी बाजूला ठेवत होती. कधीपासून? मला सांगता येईना. दर दोन महिन्यांनी मी घरी जाते, तिच्यासमोर बसून जेवते, आणि मला सांगता येईना.

रात्री अंथरुणात मी फोनची गॅलरी उघडली आणि आईचे फोटो मागे मागे नेत गेले. २०१५चा फोटो, आई खळखळून हसतेय, सगळे दात दिसतायत. २०१७, मामेबहिणीचं लग्न, हसतेय, पण पुढच्या दोन पटाशीच्या दातांत एक फट आहे. मागच्या फोटोत ती नव्हती. २०१९, फट मोठी, एक दात जरा पुढे आल्यासारखा. २०२१ नंतर एकाही फोटोत दात नाहीत. ओठ मिटलेले, नाहीतर पदर, नाहीतर हात. मी समजत होते, आई आता पोक्त झाली, कमी हसते. फट माझ्या फोनमध्ये चार वर्षं वाढत होती आणि तिथे मी "किती गोड" लिहून स्टेटस ठेवले होते.

सकाळी आईला म्हटलं, "पुण्याला चल, दात दाखवू." तिने तीन कारणं दिली. एक, दुखत नाही. दोन, वय झालं की दात जायचेच, आजीचं बोळकं झालं तेव्हा ती साठीचीसुद्धा नव्हती. तीन, "ते मशीन लावून साफ करतात ना, त्याने दात हलायला लागतात. खालच्या आळीच्या वहिनींचं बघ काय झालं." वर शेजारच्या आबांचा दाखला होताच. आबांनी जन्मात ब्रश धरला नाही, आणि पंच्याऐंशीव्या वर्षी हरभरे फोडतात.

आबांचं उत्तर मला नंतर श्रीलंकेच्या चहामळ्यांत सापडलं. तिथल्या ४८० मजुरांची तोंडं लो आणि सहकाऱ्यांनी १९७० पासून पंधरा वर्षं तपासली. दात घासायची सवय नाही, दवाखाना नाही, किटण सगळ्यांच्या दातांवर. तरी सुमारे ११ टक्के लोकांचा आजार हिरड्यांच्या सुजेपुढे गेलाच नाही. ८१ टक्क्यांचं हाड हळूहळू झिजत राहिलं. उरलेले ८ टक्के पंचेचाळिशीपर्यंत जवळजवळ सगळे दात घालवून बसले. ही माणसं वर्षानुवर्षं तपासली गेली आणि त्यांचे पडणारे दात मोजले गेले, हे वाचताना मला नीट वाटलं नाही. पण आबांचं कोडं मात्र सुटलं. आबा त्या अकरांतले. आपण प्रत्येक जण स्वतःला अकरांत धरून चालतो.

जानेवारीत आई आली. मी तिला एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं, कारण माझ्या डेंटिस्टने तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे आणि खर्च झेपेल असं सांगितलं होतं. सकाळी आठला रांग, केसपेपर, मग एका लांबलचक हॉलमध्ये ओळीने खुर्च्या. आम्हाला मिळाली ती पीजी करणारी मुलगी माझ्याहून लहान दिसत होती. तिने आधी माहिती भरून घेतली. बीपी? नाही. शुगर? आहे, सहा वर्षं. तंबाखू, सुपारी, गुटखा?

"छे," आई म्हणाली.

मी छताकडे बघितलं. माझ्या आजीची मशेरी मला चांगली आठवते. परसात चुलीवर लोखंडी तवा, त्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची. सगळ्या घराला ठसका. मग हाताने चुरून डबीत. तोंड धुण्याआधी ती बोटाने दातांना लावत बसायची, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही. आईने ती लग्नानंतर धरली. सासूने दिली, पोट साफ होतं म्हणून. आमच्यापासून लपवून लावायची. म्हणजे आम्हाला माहीत होतं, तिला माहीत होतं की आम्हाला माहीत आहे, आणि यावर घरात एक शब्द बोलला जात नव्हता. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. आमच्या परसातल्या तव्याला ती कुठून लागू व्हायची.

मुलीने पेन थांबवलं नाही, वर बघितलंही नाही. साध्या आवाजात विचारलं, "मावशी, मशेरी लावता का?"

"मशेरी लावते की," आई म्हणाली. "मशेरी म्हणजे काय तंबाखू नव्हं."

पंचवीस वर्षं जे घरात उच्चारलं गेलं नव्हतं ते एका अनोळखी मुलीने योग्य नावाने विचारल्यावर अर्ध्या मिनिटात बाहेर आलं. मी गप्प बसले. मुलीने आधी आईचे गाल, जीभ, ओठाची आतली बाजू बॅटरी धरून बघितली. ते कशासाठी हे मला कळलं आणि तेवढा वेळ मी श्वास धरून होते. तिथे काही निघालं नाही.

मग मापं. एक बारीक बोथट सळई, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी ती हलकेच आत उतरवायची आणि आकडा मोठ्याने बोलायचा, शेजारी उभा इंटर्न लिहून घेणार. "तीन, दोन, तीन. चार, तीन, चार. पाच, सहा, पाच." मला त्याआधी समजावून सांगितलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक आकडा पोटात जात होता. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. खालच्या पुढच्या दातांपाशी "सात, सहा, आठ" आलं तेव्हा तिने तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे डोळे वळवले. त्यात जरासं कौतुक होतं. तिला वाटत होतं, मार्क आहेत.

एक्स-रेत हाड दिसलं. डोंगरउतारावरची माती पावसाने वाहून जाते आणि झाडाची मुळं उघडी पडतात, तसं. खालचे दोन दात वाचणार नव्हते. बाकीचे वाचू शकतात असं ती म्हणाली, आणि 'शकतात' या शब्दावर जोर दिला. आईला समजलं नाही ते एकच. "मग रक्त का आलं नाही इतकी वर्षं? हिचं येत होतं म्हणं."

याचं उत्तर मुलीने शांतपणे दिलं. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये हे स्पष्ट दिसून आलंय, आत आजार वाढत असतो आणि हिरड्यांचं रक्त मात्र कमी येतं. मशेरीनेही तसंच होत असावं, असं ती म्हणाली. शिवाय शुगर. शुगर ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांची सूज राहिली तर शुगर ताब्यात यायला त्रास होतो. गावच्या डॉक्टरांनी दोन वर्षांत दोनदा गोळी वाढवली होती. तोंड उघडायला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

साफसफाई चार बैठकांत झाली, भूल देऊन, हिरडीखालच्या मुळांपर्यंत. ते दोन दात काढले. त्यानंतरचा आठवडा वाईट होता. किटण गेल्यावर दातांमध्ये फटी दिसायला लागल्या, थंड पाणी झोंबायला लागलं, जीभ सारखी त्या मोकळ्या जागांत जायची. आई आरशासमोरून हटली आणि म्हणाली, "बघ. होते ते पण ढिले केले." खालच्या आळीच्या वहिनींचा फोनही येऊन गेला होता. मी तिला समजावत होते, की हाड आधीच गेलेलं होतं, किटणाचा गिलावा होता म्हणून दात एकमेकांना चिकटून उभे होते, सूज उतरली म्हणून फटी उघड्या पडल्या. सगळं बरोबर होतं. तिच्या जागी मी असते तर माझाही विश्वास बसला नसता.

पण खरी परीक्षा मशेरीची होती. तिने ती एकदम सोडली नाही. आधी तीनदाची एकदा केली, डोकं धरलं, चिडचिड झाली, माझ्याशी चार दिवस बोलली नाही. एप्रिलमध्ये पूर्ण बंद केली म्हणाली. मेच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सहाला फोन.

"रक्त आलं."

"कुठून?"

"दातातनं. घासताना. तीस वर्षांत कधी आलं नव्हतं. तुमच्या नादानं मशेरी सोडली आणि रक्त सुरू झालं."

मी उठून बाल्कनीत गेले. तिथून गावाला ओरडून सांगावं असं वाटत होतं. तंबाखू सुटल्यावर रक्तवाहिन्या पुन्हा मोकळ्या होतात, दबलेली खूण वर येते, काही दिवस रक्त जास्त दिसू शकतं, हे मुलीने मला आधीच सांगून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "आई, थांबवू नको. तिथेच घास. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धर, जोर नको. आणि फटीतला बारीक ब्रश रोज रात्री."

"रक्त येतंय तिथंच घासू?"

"तिथंच."

फोनवर बराच वेळ काही आवाज नव्हता. मग नळाचा आवाज आला.

तो फटीतला ब्रश म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू. तारेभोवती केस. आईच्या फटींना दोन वेगवेगळ्या मापांचे लागतात. धागा तिला जमला नाही, बोटं पोचत नाहीत म्हणाली, आणि इतक्या मोठ्या फटींसाठी हा ब्रशच बरा असं मुलीनेही सांगितलं. औषधी चूळ तिला फार आवडली होती, ती दोन आठवड्यांनी काढून घ्यावी लागली, कारण जास्त दिवस वापरली तर दातांवर डाग पडतात. एवढंच सगळं व्यवस्थापन. माझं तेच, तिचं तेच, वेगळं फक्त माप. आणि दर तीन महिन्यांनी तपासणी, जन्मभर, कारण हा आजार बरा झाला असं म्हणत नाहीत, थांबला म्हणतात.

मुलीचं पीजी संपत आलंय. ती गेल्यावर कोण, याची आईला काळजी आहे. जुलैच्या फेरीला आई एकटी आली, एसटीने, अर्ध्या तिकिटात, पिशवीत डॉक्टरबाईंसाठी गूळ. मला सुट्टी नव्हती. दुपारी मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला, मी कट केला, तिने परत केला.

"चार, तीन, चार म्हणाल्या," ती म्हणाली. "जिथं सहा होतं तिथं. एका जागी अजून सहाच आहे. तिथं परत करणार म्हणं."

"मशेरी विचारली का?"

"विचारली."

"मग?"

"खरं सांगितलं," आई म्हणाली. "दोनदा लावली. शांताक्काच्या तेराव्याला सगळ्या बायका बसल्या होत्या." मागे कुणीतरी केसपेपरचा नंबर पुकारत होतं. "ठेवते. माझा नंबर आला. संध्याकाळी येताना तो बारीक ब्रश आण, निळा. लाल नको, लाल आत जात नाही आता."